सिंहगड ते राजगड, ५७८० मेगाहर्ट्झ: पहिल्या मायक्रोवेव्ह संपर्काचं एक प्रकरण

पुण्यातला सहा-सात परवानाधारक हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) एक गट. प्रत्येकाकडे दोन मीटर तरंगलांबीच्या पट्टीचा हँडी (हातातला संच), दोघांकडे दूरवर बोलायचा एचएफ संच, रविवारी सकाळी रिपीटरवर (संकेत उचलून पुढे पाठवणाऱ्या सामाईक केंद्रावर) गप्पा. त्यातल्या एकाला मायक्रोवेव्हचं खूळ लागलेलं असतं. तो सांगत राहतो, बाकीचे माना डोलावतात, आणि गडावर कोणी जात नाही. हा गट इथे नमुन्यादाखल धरला आहे. गड, अंतरं, दिशा आणि हिशेब मात्र खरे आहेत, कोणालाही नकाशा आणि गणकयंत्र घेऊन पडताळता येतील.

माणसं का जात नाहीत, ते आधी पाहू. रिपीटरवर बटण दाबलं की कोणी ना कोणी सापडतंच. ५.७ गीगाहर्ट्झवर एकट्याने संच जुळवला, तर ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच अस्तित्वात नसतो. मग संच कपाटात जातो आणि "मायक्रोवेव्ह अवघड आहे" अशी समजूत पक्की होते. म्हणून या प्रकरणातला पहिला निर्णय खरेदीचा: एक भारी संच घ्यायचा नाही, दोन साधे आणि हुबेहूब सारखे घ्यायचे. ते गटाच्या मालकीचे, कोणीही उसने न्यावेत असे. एकाने हौसेने वेगळ्या बनावटीचा घेतला की चॅनेलचे तक्ते जुळत नाहीत आणि पहिला दिवस तिथेच संपतो.

पट्टी कोणती? सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्याच्या तक्त्यात मायक्रोवेव्हच्या अंगाने तीन पट्ट्या येतात: १२६०–१३००, ३३००–३४०० आणि ५७२५–५८४० मेगाहर्ट्झ. पहिलीला उपकरणं मिळतात, पण खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. तिच्या तीस तबकड्या जे क्षीण संकेत टिपायला बसल्या आहेत, त्यांच्याच वाटेवर डोंगरमाथ्यावरून प्रसारण करणं बरं नव्हे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांवरून तर विषयच काढू नये. दुसरी पट्टी २०२२च्या लिलावात ५जीकडे गेलेल्या ३३००–३६७० मेगाहर्ट्झच्या पोटात आहे. उरते तिसरी, आणि नेमके तिचेच सुटे भाग सगळ्यात स्वस्त आहेत, कारण ड्रोन उडवणारे चित्र पाठवायला हीच पट्टी वापरतात. आपणही त्याच भागांनी चित्र आणि आवाज पाठवायचा. जगभर १० गीगाहर्ट्झवर कितीही गर्दी असो, आपल्या परवान्याच्या तक्त्यात जे छापलेलं नाही त्यावर प्रसारण नाही. घराबाहेरून स्टेशन चालवण्याच्या अटीही त्याच कागदावर वाचून घ्याव्यात.

आता वाट. सिंहगडाच्या दक्षिण टोकाला झुंजार बुरूज आहे. तिथे उभं राहिलं की समोर राजगड, त्याच्या उजवीकडे तोरणा आणि पूर्वेला पुरंदर दिसतो. पहिला मोह पुरंदरचा होतो, कारण अंतर २५ किलोमीटर भरतं आणि आकडा सांगायला बरा वाटतो. पण पुरंदरचा परिसर लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र दाखवून वेळेच्या मर्यादेत आत सोडतात. तिथे पाठीवर ट्रान्समीटर घेऊन परवानगीशिवाय जाणं म्हणजे दिवसभर खुलासे करत बसणं. राजगड निवडायचा. सिंहगडापासून तो सुमारे १५.४ किलोमीटरवर, दिशा २१० अंश. उलट दिशा अर्थात ३०. मधे खोल खोरं आहे, एकही डोंगर आडवा येत नाही, आणि डोळ्यांनी दिसतो ही सगळ्यात मोठी गोष्ट. पहिल्या संपर्कासाठी वाट इतकी सोपी हवी की बिघडलं तर दोष वाटेचा असू शकत नाही, हे आधीच ठाऊक असावं.

हिशेब करू. १५.४ किलोमीटर, ५७८० मेगाहर्ट्झ, मोकळ्या अवकाशातली घट १३१.४ डेसिबल. ट्रान्समीटर ६०० मिलिवॅटचा, म्हणजे २७.८ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती). रिसीव्हरची नोंदलेली संवेदनक्षमता उणे ९० डीबीएमच्या आसपास, याहून क्षीण संकेत त्याला टिपता येत नाही. संचासोबत येणारी अँटेनाची बोटभर दांडी दोन्हीकडे ठेवली (प्रत्येकी २ डीबीआय धरू; अँटेना एका दिशेला किती जोर एकवटतो, त्याचं हे माप) तर पलीकडे पोचतात उणे ९९.६ डीबीएम. पडद्यावर फक्त मुंग्या. त्याच जागी तळहाताएवढा १४ डीबीआयचा चपटा पॅच अँटेना दोन्हीकडे लावला की उणे ७५.६. जोडणी आणि नेम यांत तीन डेसिबल गेले असं धरलं तरी अकरा डेसिबल शिल्लक. एवढ्यात एफएम चित्र स्वच्छ येतं. वॅट वाढवायचे नाहीत, डिश लागत नाही, ॲम्प्लिफायर लागत नाही. दोन पॅच आणि दोन गड, एवढंच भांडवल.

याच हिशेबात सरावाची युक्ती दडलेली आहे, आणि सहसा तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. दांड्या काढून पॅच लावले की दोन्ही टोकांचे मिळून २४ डेसिबल वाढतात. २४ डेसिबल म्हणजे अंतराच्या भाषेत सुमारे सोळापट. उलटं वाचा: १५.४ किलोमीटरवर पॅचने जेवढा संकेत मिळेल, तेवढाच साधारण एक किलोमीटरवर नुसत्या दांडीने मिळायला हवा. म्हणजे गडाची रंगीत तालीम शहरात करता येते. एकाने टेकडीवर जायचं, दुसऱ्याने किलोमीटरभर अंतरावरच्या, नजरेच्या टप्प्यातल्या गच्चीवर. दांडीवर चित्र दिसलं तर गडावर पॅचवर दिसणारच. नाही दिसलं तर राजगड चढायचा नाही, दोष शोधायचा. एक सावधगिरी: शहरातल्या वायफायचा गोंगाट त्या दांडीत चहूबाजूंनी शिरतो, त्यामुळे तालमीत चित्र थोडं मळकट आलं तरी चालेल. आणि तलावाच्या पाण्यावरून तालीम करू नये. पाण्यावरून परावर्तित झालेला संकेत सरळ आलेल्याला खोडतो, आणि अँटेना वीतभर वर-खाली केला की चित्र येतं-जातं.

प्रत्येक टोकाचं सामान असं: ६०० मिलिवॅटचा व्हिडिओ ट्रान्समीटर (टीएस८३२ किंवा तत्सम), त्याच जातकुळीचा रिसीव्हर (आरसी८३२), १४ डीबीआयचे दोन पॅच, पाल (PAL) पद्धतीचं चित्र देणारा छोटा कॅमेरा, ध्वनी इनपुटला माइक आणि छोटा प्रीॲम्प, सात इंची मॉनिटर, ११.१ व्होल्टची ५००० मिलिॲम्पिअर-तासाची लिथियम बॅटरी, कॅमेऱ्याची तिवई. ट्रान्समीटर १२ व्होल्टला साधारण २२० मिलिॲम्पिअर ओढतो, रिसीव्हर जवळपास तेवढेच, मॉनिटर अर्धा ॲम्पिअर. सगळं मिळून ॲम्पिअरच्या आत, म्हणजे बॅटरी चार-पाच तास पुरते. याशिवाय दोन मीटरचा हँडी, होकायंत्र, परवान्याची प्रत, आणि पुठ्ठ्यावर ठळक लिहिलेलं कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव). एक पॅच पाठवायला, एक ऐकायला. दोन्ही एकाच लाकडी फळीवर, एकाच दिशेला तोंड करून. एकच अँटेना ठेवून अदलाबदल करायची म्हटली की माणूस घाईत चालू ट्रान्समीटरचाच अँटेना काढतो, आणि बिनाअँटेनाच्या ट्रान्समीटरचा शेवटच्या टप्प्यातला, शक्ती देणारा ट्रान्झिस्टर काही सेकंदांतही जळू शकतो. एवढ्या एका कारणासाठीही दुसऱ्या पॅचचा खर्च परवडतो.

ट्रान्समीटर पॅचच्या पाठीवरच बसवायचा. केबल लांबवायची असेल तर व्हिडिओची आणि विजेची लांबवा. पाच मीटर आरजी५८ मधे घातली तर निम्म्याहून बरीच जास्त शक्ती केबलीतच मुरते.

जोडणीच्या टोकांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण पहिल्या दिवशीचे कितीतरी तास इथे जातात. या मॉड्यूलवर बहुधा उलट्या लिंगाचा एसएमए (अँटेनाचा आटेदार कनेक्टर) असतो, बाजारातल्या पॅचवर कधी उलटा, कधी सरळ. दोन्हींचे आटे सारखेच, त्यामुळे चुकीची जोडीही घट्ट बसते. पण एका जोडीत दोन्हीकडे भोक असतं आणि मधली तार कशालाच टेकत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि ट्रान्समीटर प्रत्यक्षात अँटेनाशिवाय चालू असतो. फिरवण्याआधी दोन्ही तोंडांत डोकावून पाहा: एकीकडे सुई, एकीकडे भोक, तरच जोडा. दोन सुया समोरासमोर आल्या तर त्या वाकतात. तपासून झालेल्या जोड्यांना नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा.

चॅनेल निवडतानाही असाच एक सापळा आहे. या मॉड्यूलवर ४८ चॅनेल येतात आणि त्यातले बरेच आपल्या पट्टीच्या बाहेर आहेत. ५७२५ मेगाहर्ट्झ हा आकडा तक्त्यात दिसतो म्हणून तो चालेल असं वाटतं, पण एफएम चित्र मध्य-वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना मिळून वीसेक मेगाहर्ट्झ व्यापतं, म्हणजे अर्धं प्रसारण पट्टीबाहेर. पट्टीच्या मधोमध असलेला ५७८० हा चॅनेल दोन्ही संचांवर लावून, त्याच्या बटणांवर चिकटपट्टी मारून टाकायची. गडावर बटण चुकून दाबलं गेलं की कोणाच्या लक्षात येत नाही.

मॉनिटर घेताना विचारायचा प्रश्न एकच: संकेत क्षीण झाला की तो निळा होतो का? निळा होणारा नको. आपल्याला मुंग्या बघायच्या आहेत, कारण नेम धरताना मुंग्या किंचित विरळ होणं ही पहिली खूण असते. निळ्या पडद्याचा मॉनिटर नेमकी तीच खूण झाकतो आणि माणूस योग्य दिशेवरून पुढे निघून जातो.

ट्रान्समीटर तापण्याचं कारणही कळलं पाहिजे. तो अडीच वॅटच्या वर खातो आणि ०.६ वॅट बाहेर टाकतो. बाकी उष्णता. ड्रोनवर त्याला पंख्यांचा वारा मिळतो, तिवईवर मिळत नाही. दहा मिनिटांत हात लावता येत नाही, मग वारंवारता सरकते किंवा तो बंदच पडतो. ॲल्युमिनियमची पट्टी आणि संगणकातला जुना १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला की प्रश्न मिटतो. तेही नसेल तर दोन मिनिटं पाठवा, पाच मिनिटं थांबा.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला घ्यावा, शक्यतो शनिवार किंवा आडवार. रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि वर झुंजार बुरुजाकडे जाणाऱ्यांचीही. राजगडाची तुकडी नसरापूर, मार्गासनी करत गुंजवण्याला पोचते. तिथून पद्मावती माचीवर चढायला अडीच-तीन तास धरा. पहाटे निघालेली माणसं अकराच्या सुमारास तयार होतात. सिंहगडावर गाडी जाते, त्यामुळे जड सामान, जादा बॅटरी आणि गुडघे दुखणारे सदस्य तिकडे. दोन्ही गड संरक्षित स्मारकं आहेत: खिळा ठोकायचा नाही, तटाला दोरी बांधायची नाही, तिवई आणि दगडाने भरलेली पिशवी एवढंच. उतरायची वेळ आधी ठरवा, राजगड अंधारात उतरायचा गड नाही. तटाच्या कपारीत आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहा. सिंहगडावर माकडं उघडी पिशवी सोडत नाहीत, आणि वडापावाच्या कागदात गुंडाळलेला कॅमेरा त्यांना वडापावच वाटतो.

पोचल्यावर आधी दोन मीटरवर बोलायचं. १४५.५०० वर हाक, मग बाजूच्या मोकळ्या वारंवारतेवर. पाच वॅटचा हँडी या अंतराला भरपूर झाला. ही दोरी शेवटपर्यंत सोडायची नाही, मायक्रोवेव्हवर काही दिसत नसताना "तू आता पाठवतोयस का?" हे विचारायला दुसरा मार्ग नसतो. दोघांनी एकदम अँटेना फिरवायचे नाहीत. सिंहगड पाठवत राहतो आणि स्थिर राहतो, राजगड फिरवतो. राजगडाला मिळालं की तो थांबतो, मग सिंहगड बारीक फिरवतो. १४ डीबीआयच्या पॅचचा झोत तीसेक अंश रुंद असतो, त्यामुळे समोरचा गड दिसत असेल तर नुसत्या डोळ्यांनीही भागतं.

धुकं असेल तर होकायंत्र. पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, तो विसरा. पण सह्याद्रीचा काळा दगड स्वतः चुंबकीय आहे. होकायंत्र तटावर ठेवून वाचलं तर काटा दहा अंशही खोटं बोलू शकतो. दगडापासून, तिवईपासून आणि मॉनिटरच्या स्पीकरपासून दोन-चार पावलं लांब, हातात धरून, दोन वेगळ्या जागी वाचा. आकडे जुळले तरच विश्वास.

तिवई कुठे ठेवायची यावरही बरंच ठरतं. खोरं शेकडो मीटर खोल आहे, त्यामुळे वाटेच्या मध्यावर लहरींना लागणारी चौदा मीटर त्रिज्येची मोकळीक आणि पृथ्वीच्या गोलाईचे साडेतीन मीटर यांची चिंता नको. अडचण आपल्याच पायाशी असते. शंभर मीटर पुढेसुद्धा झोताला सव्वादोन मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते. माथ्याच्या मधोमध तिवई लावली तर पुढचं गवत, कठडा आणि फोटो काढणारी मंडळी सगळी त्यात येतात. कड्याच्या बाजूला, पण माणूस पडणार नाही इतकं आत, आणि अँटेना कठड्याच्या वर.

गोंगाट दोन्ही टोकांना सारखा नसतो. झुंजार बुरुजावरचा पॅच पुण्याकडे पाठ करून दक्षिणेला बघतो, त्यामुळे त्याला बरीच शांतता मिळते. फक्त गडावरच्या मनोऱ्यांपासून लांब राहायचं. राजगडावरचा पॅच मात्र ३० अंशांकडे बघतो, आणि राजगडावरून पुणे शहर ३२ अंशांवर आहे. म्हणजे सिंहगडाच्या बरोबर मागे अख्ख्या शहराचं वायफाय आणि इंटरनेटवाल्यांच्या छतावरच्या ५.८ गीगाहर्ट्झच्या लिंक. सुदैवाने सिंहगडाचं धूड मधे आहे: राजगडावरून शहराच्या मध्यावर जाणारी रेषा सिंहगडाजवळ हजार मीटरच्याही खालून जायला हवी, आणि गड तेराशेला पोचतो. शहराचा मधला भाग झाकला जातो, दोन्ही कडा उघड्या राहतात. तेव्हा सिंहगडाचं चित्र राजगडावर थोडं खराब आणि राजगडाचं सिंहगडावर स्वच्छ दिसलं, तर ट्रान्समीटर उघडून बसू नका. राजगडावर अँटेना चार-सहा अंश इकडे-तिकडे करून पाहा. थोडा संकेत घालवून पुष्कळ गोंगाट टाळता येतो.

दोन्ही बाजूंनी ५७८० वर चित्र आणि आवाज पोचला, कॉलसाइन वाचता आलं, की संपर्क झाला. चित्राला शून्य ते पाच असा शेरा द्यायची पद्धत आहे. एक म्हणजे मुंग्यांत जेमतेम काहीतरी हलतंय, पाच म्हणजे एकही मुंगी नाही. नोंदीत वेळ, वारंवारता, शेरा आणि लोकेटर (जागेचा सांकेतिक पत्ता). दोन्ही गड एमके६८ या चौकटीत येतात, पण पुढची दोन अक्षरं मोबाइलच्या जीपीएसवरून तिथेच काढा. छोट्या चौकटींच्या रेघा दोन्ही गडांच्या अगदी जवळून जातात, आणि माचीच्या या टोकाचं उत्तर त्या टोकाला लागू पडेलच असं नाही.

पहिल्या फेरीनंतर लगेच सगळ्यांना माइकवर बोलवायचं, विशेषतः ज्याने दोन वर्षं नुसती मान डोलावली त्याला. पुढच्या फेरीत तुकड्या बदलायच्या, म्हणजे दोन्ही टोकांचं काम सगळ्यांना येतं. पहिल्या खुळ्या माणसाने त्या दिवशी एकाही स्क्रूला हात लावायचा नाही, ही अट जड जाते, पण पाळायची.

दुसऱ्या टप्प्यात सिंहगडावर डिश. घरावरची जुनी ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश या वारंवारतेला २८ डीबीआयच्या वर देते, झोत सहा अंशांचा. दोन गोष्टी फसवतात. ही डिश तिरक्या फीडची (फीड म्हणजे डिशसमोरचा छोटा अँटेना) असते: क्षितिजाकडे नेम धरला की तिचं तोंड वीस-पंचवीस अंश खाली, खोऱ्यात बघतंय असं दिसतं. ते बरोबर असतं. डोळ्याला सरळ दिसेल अशी उभी केली की झोत आकाशात जातो. आणि फीड म्हणून ड्रोनचा वर्तुळाकार ध्रुवणाचा (लहर गोल फिरवत पाठवणारा) अँटेना लावला तर परावर्तनात त्याची फिरण्याची दिशा उलटते. उजव्याचा डावा होतो, समोर उजवाच असेल तर वीस डेसिबल सहज जातात. दोन्हीकडे उभं सरळ ध्रुवण ठेवलं की हा विषयच उरत नाही. दोन्ही टोकांना डिश आल्या तर हिशेबात वाढतात २९ डेसिबल, म्हणजे कागदावर सव्वाचारशे किलोमीटरच्या वर. क्षितिज त्याच्या कितीतरी आधी संपतं. तेव्हा पुढच्या वाटा नकाशावर शोधायच्या. तोरणा सिंहगडापासून सतरा किलोमीटरवर, नेमाच्या सरावाला चांगला.

पावसाळ्यात वीज कडाडत असताना माथ्यावर कोणी जाऊ नये. ते चार महिने घरच्या गच्चीवर १० गीगाहर्ट्झ नुसतं ऐकायला चांगले. कतारच्या एस्हेल-२ उपग्रहावरचा, हॅमसाठीचा क्यूओ-१०० ट्रान्सपॉन्डर (आलेला संकेत परत खाली पाठवणारा संच) पुण्यातून २५४ अंश दिशेला, क्षितिजापासून ३२ अंश वर सापडतो. डीटीएचचा एलएनबी (डिशसमोर बसणारा, वारंवारता खाली आणणारा डबा), त्याला १३ व्होल्ट, आणि संगणकाला लावायचा यूएसबीचा एसडीआर रिसीव्हर. मधला बीकन (सतत चालू असलेला खुणेचा संकेत) १०४८९.७५० मेगाहर्ट्झवर आहे; ९७५० मेगाहर्ट्झ वजा करणारा एलएनबी असेल तर तो एसडीआरवर ७३९.७५०च्या आसपास दिसतो. आसपास म्हणायचं कारण, साधा एलएनबी ऊन-सावलीत शेकडो किलोहर्ट्झ सरकतो. पीएलएल लिहिलेला घ्यावा, तो वारंवारता बरीच स्थिर ठेवतो. दोन डिशांपैकी एक तोवर याच कामाला, दुसरीचं फीड नव्याने बसवायला.